चार दिवसांचे प्रोफेसर

स्टॅनमोर, लंडन, २ मार्च २०२५

ती. आईंस,
वरदाचा सा. न. वि. वि.

फोनवर यतीन शेजारीच असतो, म्हणून मुद्दाम पत्र. त्याचे पीएचडीचे जुने गाइड, प्रोफेसर बोदोर, चार दिवसांसाठी आले आणि आज तिसरा आठवडा लागला! चूक माझीच. ते निघाले तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे म्हटलं, राहा की अजून, घर तुमचंच आहे. त्यांनी लगेच थँक यू म्हणून सूटकेस पुन्हा उघडली.

माणूस मोठा हं. पंधराव्या वर्षी आईबरोबर हंगेरीची सीमा ओलांडून आले आणि सव्विसाव्या वर्षी एक प्रमेय सिद्ध करून नाव काढलं. लग्न नाही, घर नाही. रिटायर झाल्यापासून विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीनं राहतात आणि गणित करतात. आमच्या सियाला रोज नवं कोडं घालतात, वरणभात तीनदा वाढून घेतात. पण मेमध्ये तुम्ही याल, तेव्हा तुम्हाला द्यायची खोली त्यांचीच. त्यांना कसं सांगू?

आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही पाठवा.
तुमची वरदा

पुणे, १५ मार्च

चि. सौ. वरदास अनेक उत्तम आशीर्वाद.

एकटीच हसत बसले. अगं, आग्रह करावा तो माणूस बघून! सरळ सांग, सासू येतेय. सासूचं नाव काढलं की भलेभले बोचकं बांधतात.

सियाला गोड पापा. खुशाली कळवत जा.
आई

स्टॅनमोर, २९ मार्च

ती. आईंस सा. न.

सांगितलं. तीस एप्रिलला ते वॉटफर्डच्या विद्यार्थ्याकडे जाणार. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण रडू आलं. कारण त्यांनी बॅगेतून एक जुनी फाइल काढून दाखवली. यतीनचं अर्धवट संशोधन, अकरा वर्षं जपलेलं. म्हणाले, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत हाच हुशार. आता माझी स्मरणशक्ती दगा देतेय, त्याआधी हे त्याच्यासोबत पुरं करायचं होतं.

आई, बँकेतून आल्यावर यतीन त्यांच्याशी तावातावानं भांडतो, मोठ्यांदा हसतो. असा यतीन मी लग्नानंतर पाहिलाच नव्हता. पीएचडी कंटाळून सोडली, असं तो मला सांगत आला. खरं का हो?

रागावू नका, माया असू द्या.
वरदा

पुणे, १० एप्रिल

चि. वरदास आशीर्वाद.

खरं नाही. हे गेल्यावर मीच यतीनला लिहिलं होतं, की गणित पुरे, घराला मिळवता माणूस हवा. वर्षभरात आमचं सावरलं. पण आता गणिताकडे परत जा, हे सांगायचं मी टाळलं. पुन्हा पैशांची ओढाताण होईल, अशी मला भीती वाटायची गं. तो कधी उलटून बोलला नाही, म्हणून मी समजले, विसरला. फार लाज वाटते.

प्रोफेसरांना कुठ्ठे पाठवू नकोस. मी सियाच्या खोलीत गादी टाकीन; आजी घोरते, एवढं तिला आधीच सांगून ठेव. आणि हे पत्र यतीनला वाचायला दे. त्याला म्हणावं, ऐकणारा चुकला नव्हता, सांगणारी चुकली.

तुम्हा सगळ्यांच्या मायेची भुकेली,
आई