सहा वर्षांच्या नोकरीचा दुखवटा

५ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी चहाच्या वेळी घरी सांगितलं. वाक्य आधीच तयार होतं, पाच शब्दांचं – ‘मी नोकरी सोडली. भोवरे करणार.’ आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. आप्पांनी पेपरची घडी घातली, उघडली, परत घातली.

‘कसले भोवरे?’ – आई.

‘पितळेचे. बोटांनी फिरवायचे. एकदा फिरवला की तीस मिनिटं उभा राहील असा करायचाय. सध्या चौदा मिनिटं बावीस सेकंद होतात.’

‘आणि तीस मिनिटं उभा राहून काय करणार तो?’

‘काही नाही. फिरणार.’

याहून अचूक उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सोमवार, २६ तारखेपर्यंत मागे फिरता येतं, हेही सांगितलं. ते कुणी ऐकलं असं वाटत नाही. आईनं गॅस बंद केला, तो दिवसभर पेटवला नाही.

६ फेब्रुवारी

शेजारच्या आशाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. फोडणीचा वास आला नाही म्हणून त्यांना कळलं. माणूस गेलेल्या घरी शेजारचे असं जेवण नेतात. डबा ठेवता ठेवता हे बहुतेक त्यांच्याही लक्षात आलं, कारण त्या आईजवळ सतरंजीवर बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या,

‘कधी झालं?’

‘काल. चहाच्या टायमाला.’

‘किती वर्षांची होती?’

‘सहा. पर्मनंट होती हो!’ – आणि आई रडायला लागली.

‘अरेरे! सहा म्हंजे काहीच वय नाय.’

मी तिथंच उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही. गेलेली मी नव्हते.

७ फेब्रुवारी

आज अकरा जण. कुणी ठरवलेलं नाही, पण पुंडलिकनगरात एकानं केलं की बाकीच्यांना करावं लागतं. बायका आत सतरंजीवर. पुरुष बाहेर पोर्चमध्ये, आप्पांच्या भोवती. कोपऱ्यावरच्या नानासाहेबांनी आप्पांच्या खांद्यावर दुखवट्याचा नवा टॉवेल टाकला.

‘परवापर्यंत चांगली धडधाकट होती हो! कंपनीच्या बसनं जायची, कंपनीच्या बसनं यायची.’ – पोर्चमधला एक जण.

‘असं मनाला लावून घेऊ नका.’ – नानासाहेब, आप्पांना.

आप्पांनी टॉवेल घेतला. नाही म्हणायला काही कारण सापडलं नसावं.

साडेअकराला गल्लीत कुणीतरी ओरडलं – ‘पाणी आलं!’ नळाला आठव्या दिवशी पाणी. चाळीस सेकंदांत घर रिकामं! आईनंही डोळे पुसले आणि मोटर लावली. पाणी भरून झाल्यावर चौघी ओल्या पायांनी परत आल्या, आपापल्या जागी बसल्या आणि परत डोळ्यांना पदर लावला.

९ फेब्रुवारी

वैजापूरहून वच्छलाआत्या आली. रिक्षातून उतरल्यापासूनच रडत होती. ‘सोन्यासारखी नोकरी गं माझी! कुणाची दिष्ट लागली!’ तिनं माझ्यासाठी तीन स्थळं बघून ठेवली होती. ‘तिघांनाबी तुझं नाक-डोळं नाय सांगितलं, पोरी. निस्ती कंपनी सांगितली. आता काय दाखवू?’

मग म्हणाली, शेवटचं तोंड तरी बघू दे. म्हणजे काय, ते मला आधी कळलं नाही. तिला राजीनाम्याचा कागद बघायचा होता. पर्समधून काढून दिला. तिनं पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी धरला. इंग्रजी तिला येत नाही. सही मात्र बराच वेळ बघितली.

‘शाई अजून ताजी हाय गं बाई!’

परत रडली.

१० फेब्रुवारी

चिकलठाण्याला फारूखभाईंच्या शेडमध्ये. दुपारी तीन ते पाच त्यांचा लेथ मला मिळतो. बातमी इथंही आली आहे.

‘सुना मॅडम, आप नौकरी छोड़ दिए बोलके. लट्टू के वास्ते?’

‘हो.’

‘अल्ला सबर दे.’ त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, मशीन बंद केलं आणि दोन मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, ‘किसकू सबर दे, वो मेरेकू बी समझ में नहीं आया. चलो, पीतल लगाओ.’

आजचा भोवरा : पंधरा मिनिटं दहा सेकंद.

एकदाच लिहून ठेवते. कंपनीत माझं काम मोजायचं. दुसऱ्यांनी केलेली वस्तू बरोबर आहे की नाही ते सांगायचं. सहा वर्षांत माझं मोजमाप एकदाही चुकलेलं नाही. सहा वर्षांत मी एकही वस्तू केलेली नाही. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की दुसरं जड होतं.

१२ फेब्रुवारी

येणारा प्रत्येक जण नोकरी सोडून बुडालेल्या कुणाची तरी गोष्ट सांगतो. नोंद ठेवली. आजवर एकोणीस गोष्टी. त्यातल्या चौदा एकाच माणसाच्या – फर्दापूरचा पुंजाराम. त्यानं बँकेतली नोकरी सोडून लेण्यांच्या रस्त्याला हॉटेल काढलं. पुढं मतभेद आहेत. हॉटेल जळालं (तीन जण). बायको माहेरी गेली (पाच). वेडा झाला (चार). वारला (दोन).

एका वस्तूची चौदा मापं घेतली आणि ती इतकी वेगवेगळी आली, तर मी आधी माप घेणाऱ्यांवर संशय घेते.

१४ फेब्रुवारी

आज दहावा दिवस.

आत्याचं म्हणणं, इतकं सगळं केलं, आता एवढ्यासाठी कशाला अडकवायचं? सकाळी गच्चीवर पान मांडलं. प्रश्न आला – गेलेलीला काय आवडायचं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दुखवटा सुरू झाल्यापासून घरात मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

‘कॅन्टीनचा उपमा,’ मी म्हणाले. ‘सव्वादहाचा.’

आईनं उपमा केला. तिनं परत गॅस पेटवला, हे मला त्या क्षणी बरं वाटलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी पान ठेवलं. कावळा आला, टाकीवर बसला, उपम्याकडं बघत राहिला. शिवेना.

‘कशात तरी जीव अडकलाय,’ आशाबाई म्हणाल्या.

मग एकेकजण पुढं होऊन हात जोडून सांगू लागला. आई – ‘हिचं लग्न करून देऊ, काळजी करू नको.’ कावळा नाही. आत्या – ‘पोरगी येडी हाय, येईल माघारी. मी आणते तिला!’ कावळा उलट मागं सरकला. नानासाहेब – ‘दुसरीकडं चिकटवू. माझी ओळख आहे.’ नाही. मला पुढं ढकललं. मी म्हणाले, माझं काही म्हणणं नाही. नऊ बावन्न झाले. उपमा वाळला.

आप्पा इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसले होते. ते उठलेही नाहीत. तिथूनच म्हणाले, ‘खा बाबा. ती काही परत जात नाही.’

नऊ त्रेपन्नला कावळा शिवला.

आत्या मटकन खाली बसली. सगळे आप्पांकडं बघत होते. ते माझ्याकडं बघत होते. मी खाली उतरले.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

१५ फेब्रुवारी

‘ती काही परत जात नाही.’ हे त्यांना कुणी सांगितलं? मला तर अजून माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

भोवऱ्याच्या चकतीच्या कडेतून ग्रॅमचा शंभरावा भाग काढायचा होता. लक्ष दुसरीकडं गेलं. जास्त निघालं. भोवरा नऊ मिनिटांत आडवा. कुठं गेलं, ते नोंदवत नाही.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. चौकात डीजे. भोवरा टेबलावरच्या काचेवर फिरता फिरता चालू लागला आणि कडेवरून खाली गेला. चाचणी रद्द.

२१ फेब्रुवारी

दुपारी दारात एक जाडसर, हसऱ्या तोंडाचा माणूस. हातात नारळ.

‘मी फर्दापूरचा पुंजाराम. माझं नाव हितं रोज निघतंय म्हणे. म्हणलं, जाऊन यावं.’

आशाबाईंनी बसल्या जागी पदर डोक्यावर घेतला. त्या ‘वारला’वाल्या दोघींपैकी एक.

‘हॉटेल जळालं का?’ मी विचारलं.

‘नाय. बुडालं. मग दुसरं काढलं.’

‘ते?’

‘तेबी बुडालं. आता तिसरं हाय. डुगडुगतंय.’

‘बायको?’

‘भाहेर रिक्षात बसलीय. म्हणली, मी मेलेल्या माणसासंगं आत येत नाय.’ आणि खदखदून हसला. दुखवट्याच्या घरात पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलं. आईनं चटकन चहा टाकला.

मी माझा खरा प्रश्न विचारला – परत वेळ आली तर सोडाल का नोकरी? त्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, विचार केला.

‘त्ये काय सांगता येत नाय, ताई. काही दिवस व्हय वाटतं, काही दिवस नाय. पण येक हाय. माझ्या नावाची भीती घालून लोकांनी निदान पन्नास पोरं नोकरीत टिकवली. त्यातली काही पेन्शनीत गेली. आजवर येकबी माझ्या हाटेलात जेवाया आला नाय!’

एवढं एकच त्याला लागलेलं दिसलं.

२२ फेब्रुवारी

कंपनीत नवी वस्तू बनवण्याआधी धोक्याचा तक्ता करतो. तीन आकडे, प्रत्येक दहापैकी – बिघाड किती गंभीर, किती संभवतो, आणि वेळेत कळणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार. शंभरच्या वर गेला की काम थांबवायचं.

भोवरे करणं : गंभीर ८, संभव ९. कळणं अवघड? आशाबाईंना फोडणीच्या वासावरून कळतं – २. गुणाकार १४४. थांबवायला हवं.

मग भोवरे न करण्याचा तक्ता केला. असा तक्ता कुणी करत नाही. गंभीर ५ – त्यानं कुणी मरत नाही. संभव ९. कळणं अवघड? सहा वर्षं मलाच कळलं नव्हतं. १०. गुणाकार ४५०.

हिशोब दोनदा तपासला. बरोबर आहे. पण आकडे मीच दिलेत, आणि आकडे देणाऱ्याला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. तक्ता बाद.

२४ फेब्रुवारी

एकोणीस मिनिटं सहा सेकंद. तीसच्या जवळ नाही. फारूखभाई म्हणाले, ‘उन्नीस मिनट तो मेरा लेथ बी बिना रुके नहीं चलता, मॅडम.’

भीती वाटते. एवढंच. एकक नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

उद्या २६. चहाच्या वेळी सहज म्हणून विचारलं, ‘उद्या परत कामावर गेले तर?’

मला वाटलं आई उडी मारेल. ती चपापली.

‘असं कसं परत? एवढी माणसं येऊन बसून गेली. दहावा केला. आता कोणत्या तोंडानं सांगू – जिवंत आहे म्हणून?’

मग मीच वैजापूरला आत्याला फोन लावला. ती कडाडली, ‘दिवस घातलेलं माघारी घरात घेत नसतेत! आन् हे बघ, मी त्या तीन स्थळांना सांगितलं, पोरीचं सोताचं वर्कशाप हाय. येक जण भोवरा बघाया येतोय. कमी-जास्त बोलू नको.’

आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि न बघता विचारलं, ‘एकोणीस मिनिटांवर अडकलाय भोवरा, तो टोकामुळं, का खालच्या काचेमुळं?’

मी म्हणाले, बहुतेक टोकामुळं.

‘मग टोक बदल.’

२६ फेब्रुवारी, सोमवार

साठवलेली रजा काल संपली. सकाळी नऊ पाचला कंपनीत गेले आणि पर्समधला तोच राजीनामा दिला. घरी तीन आठवड्यांपूर्वी फक्त ते वाक्य लावून बघितलं होतं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘घरच्यांना मोठा धक्का बसेल हो.’

म्हटलं, ‘सावरलेत.’