लिंबाची कुंडी आणि मागचे अंगण

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, नगर वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता, हे घरातले सगळे सांगतील. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावे. छपराची गळतीही त्याचीच.

२. बँकेतील ठेव वाचनालयाला द्यावी आणि तिच्या व्याजातून उष्ण प्रदेशातल्या बागकामाची पुस्तके घ्यावीत, दुसरी कुठलीही नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा त्या कपाटातली सगळी पुस्तके थंड मुलखातली होती. "बर्फ वितळले की पेरणी करा," असा त्यांचा सल्ला. लोक ती घरी नेत, सांगितले तसे करत आणि रोपे वाळली की स्वतःला बोल लावत. म्हणून पुस्तक घेताना मुखपृष्ठावर भाळू नये. मागची सूची उघडावी. 'हिम' पानोपानी आणि 'सावली' एकाही पानावर नसेल, तर पुस्तक मुकाट्याने खाली ठेवावे. भर उन्हाळ्यात रोपे लावा म्हणणाऱ्याने आपले ऊन पाहिलेले नाही. दुपारची सावली कशी करावी, मातीवर आच्छादन कसे घालावे, पाणी कोणत्या वेळी द्यावे हे सांगणारे पुस्तक फाटके मिळाले तरी घ्यावे.

३. माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, त्यांनीच सूनबाईला भेट दिलेले गुळगुळीत कागदाचे जाडजूड पुस्तक परत करावे. त्यात बर्फाची चित्रे फार सुरेख आहेत. उन्हाळ्यात चाळायला बरी.

४. मागचे अंगण, पाण्याची टाकी, खुरपे, झारी, छाटणीची कात्री आणि उष्ण प्रदेशांची माझी सर्व पुस्तके सूनबाईला द्यावीत. मुलगा हरकत घेईल, म्हणून कारण लिहून ठेवते.

सूनबाईने हौसेने लिंबाचे कलम आणले होते. वन्संच्या पुस्तकात लिहिले होते की लिंबाला सगळ्यात उबदार भिंत द्यावी. पोरीने अगदी तसेच केले. आपल्याकडची उबदार भिंत म्हणजे तापलेला तवा. आठवड्याभरात सगळी पाने गळाली. वन्सं चारचौघांत म्हणाल्या, "काहींच्या हातालाच गुण नसतो, त्याला कोण काय करणार!" तेव्हापासून तिने मातीत हात घातला नाही.

परवा मुलगा म्हणाला, "आई, मागे फरशी घालून टाकू. गाडी उभी राहील."

मी तिच्याकडे पाहिले, तर ती म्हणते, "घाला की. माझ्या हातून काही उगवत नाही."

म्हणून अंगण तिचे, आणि फरशी घालायची नाही.

तिने कचऱ्यापाशी ठेवलेली लिंबाची कुंडी मी उचलून टाकीमागे, दुपारच्या सावलीत नेली होती. काडी नखाने खरवडली तर आत हिरवी होती. तिला सांगितले नाही. उगाच आशा लावायची आणि मग तोंड पाडायचे, हे मला जमले नसते. आता सांगते. सूनबाई, पुस्तक भलत्या मुलखाचे होते, तुझा हात चांगला आहे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. मला तेवढी घाई नाही आणि लिंबाला तेवढा धीर नाही. तेव्हा सह्या झाल्याबरोबर हे सर्वांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

सही : मृत्युपत्र करणारी
ठिकाण : मागचे अंगण, टाकीजवळ
दिनांक : ९ एप्रिल, सकाळी, ऊन चढण्याआधी

साक्षीदार पहिला, घरचे डॉक्टर : बाई पूर्ण शुद्धीत आहेत. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा, जुन्या पुस्तकांचा दुकानदार (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात, माझ्याकडून या दुकानदारांनी पुस्तकांचे पैसे आयुष्यभर घेतले तेवढे पुरे) : सही माझ्यासमोर झाली. कुंडीही पाहिली. पालवी कलमाच्या जोडाच्या वर आहे, म्हणजे लिंबाचीच, खालच्या रानटी खुंटाची नव्हे. एक कळीही आहे.

टीप : कोपऱ्यावरचा मातीचा डाग वाचून झाल्यावर पडला आहे. हात सूनबाईचा. पुसू नये.