बायकोचा प्रबंध आणि माझी साफसफाई

सोमवार, ३ मार्च
कॉम्प्युटर रखडत चालतो. कारण : बायको. आज साफसफाई केली. ‘अंतिम’, ‘अंतिम खरं’, ‘अंतिम आता खरंच’ असे तिचे तीन फोल्डर! तिन्ही उडवले. रिसायकल बिनही रिकामं केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्या. ७ वा.
त्यात तिचा प्रबंध होता म्हणे. सहा वर्षांचा. येत्या सोमवारी जमा करायचाय. मी हात लावला का, असं विचारलं. म्हटलं, व्हायरस असेल, तुझ्या भावाच्या पेन ड्राइव्हमधून आला असेल. गप्प बसली. म्हणजे पटलं.

मंगळवार
उडालेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उतरवलं. मेहुणा यातला जाणकार आहे, पण त्या शहाण्याला विचारणार नाही. उपकार केले की वर्षभर मिरवतो.

बुधवार
सापडलं काय? मेहुण्याच्या लग्नातले चारशे फोटो! नशीबच वैरी. आणखी दोन सॉफ्टवेअर उतरवली, शिकवणीचे आठ व्हिडिओही. बायकोने दारात उभं राहून विचारलं, काही सांगायचंय का? म्हटलं, चहा चालेल.

शुक्रवार
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. उद्धट माणूस. म्हणे, डिलीट केलेली फाइल डिस्कवरच असते, तिच्या जागी दुसरं काही येईपर्यंत. तुम्ही त्याच डिस्कवर एवढं सगळं ओतलंत, आता काय उरणार? तेरा पानं निघाली. त्यातली अकरा संदर्भसूचीची. हे आधी कुठे लिहून ठेवत नाहीत! मूर्ख लोक.

शनिवार
निश्चय : खरं सांगून टाकायचं. आज नको, तिचं डोकं दुखतंय.

रविवार
सांगणारच होतो. तेवढ्यात मेहुणा टपकला. त्याच्यासमोर मान खाली घालू? जीव गेला तरी नाही. उद्या सकाळी नक्की.

सोमवार, १० मार्च
सकाळी तोंड उघडलं, तर ती प्रबंध जमा करायला निघालेली. छापून, बांधून तयार! रोजचं लिखाण ती बहिणीला मेल करायची म्हणे.
भडकलोच. आठवडाभर माझा जीव टांगणीला, आणि बाईसाहेब गप्प! शांतपणे म्हणाली, प्रबंध कुठेच गेला नव्हता. तू खरं कधी बोलतोस, तेवढंच बघत होते.

दुपारी ४ वा.
बहिणीच्या घरून बायकोचा फोन आला. आता तिथेच राहणार आहे. कधी येणार, विचारलं. माहीत नाही म्हणाली.
खरंच माहीत नसावं. खोटं बोलायची तिला सवय नाही.