बुडाची तांबडी अक्षरं

मलकापूर, कऱ्हाड
ता. १४ एप्रिल १९७४

चि. सौ. शालूस,
चंद्राक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. ऊस तुटून गेला, म्हशीला रेडकू झालं. आमच्या सुलाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, पत्रिका सोबत घातलीय. तुझा बाळ आता चालत असेल. थोरली आई असून मी त्याला पाहिलेलं नाही, आणि दोष माझ्याच जिभेचा.

परवा साताऱ्याहून दादासो सुभेदार आले होते. मामंजींच्या पलटणीतले, लढाईनंतर जपानातही त्यांच्याबरोबर होते. कपाटावर मामंजींनी आणलेल्या दोन्ही फुलदाण्या बघून हरखले. मी म्हटलं, एक खरी, एक बाजारातली. माझ्या वाटणीच्या फुलदाणीच्या बुडाला तांबडी अक्षरं आहेत, तुझीच्या नाहीत.

"न्हाई वो सूनबाई. ही जोडीच हाय, घेताना म्या संगं हुतो. अक्षरं म्हंजे कारागिराचं नाव. झिलईवर वरनं लिवत्यात, घासली की जात्यात."

उंबऱ्यात नेऊन त्यांनी तुझी फुलदाणी उन्हात तिरकी धरली. रंग नव्हता, पण अक्षरांचे पुसट फराटे माझ्या फुलदाणीवरच्यासारखेच, हुबेहूब. "कुणी घासली वो?" मी म्हटलं, "काय ठावं."

ठावं होतं, शालू.

तुझ्या डोहाळजेवणाला जोडी एकत्र मांडावी म्हणून तू सांगलीहून तुझी फुलदाणी आणलीस. आवरताना मी ती उलटी केली आणि तुझ्या आईच्या देखत म्हणाले, "खरी इकून ही आणलीस व्हय? चोर कुठली!" तू ती तिथंच ठेवून उठलीस.

लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीत पितळेच्या भांड्यांबरोबर ती मीच राखेनं खसाखसा घासली होती. सासूबाई ओरडल्या, "आगं, पितळ न्हवं ते!" म्हणून दुसरी वाचली.

हे आठवलं कधी, तेही लिहिते. त्याच दुपारी, तुझ्या जेवणाची पातेली घासताना. तुमची एस्टी सुटायला तास होता. पण थोरली जाऊ मी, धाकटीपुढं मान खाली कशी घालू? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

काल घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. हे ताटावरून उठून गेले.

लग्नाला ये. येणार नसलीस तरी पुढच्या रविवारी मी सांगलीला येतेय. शेजारपाजार गोळा कर, सगळ्यांपुढं सांगेन. पण ज्यांच्या देखत बोलले, त्या तुझ्या आई गेल्या श्रावणात वारल्या. आपली लेक चोर नाही हे त्यांना ठाऊकच होतं. तरी त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं गं.

माफी मागायला उशीर झालेली,
चंद्राक्का