दोघांचा पडदा

९ नोव्हेंबर, शनिवार
घेतला एकदाचा लॅपटॉप! कुओपिओच्या दुकानातल्या मुलाने डोकं उठवलं — 'फुल एचडी पुरे', मग लगेच 'त्याच्या वरचं रेझोल्यूशन घ्या, पस्तावणार नाही'. मी सरळ विणकामघरासाठी काढलेली माझी गालिच्याची नक्षीच त्याच्यापुढे उघडली. एकेक चौकोन म्हणजे लोकरीची एकेक गाठ. ज्या पडद्यावर चौकोन सुटासुटा दिसला, तोच घेतला. इल्पो दारात ताटकळत. "झालं का, रायली? पडदा घेतेयस की दुर्बीण?" या नवऱ्याला खरेदी म्हणजे शिक्षाच!
येताना गाडी फारच हळू चालवली त्याने. बर्फ होतं म्हणून असेल.

१३ नोव्हेंबर
लॅपटॉप दोघांचा — सकाळी त्याच्या बातम्या, मग दिवसभर माझं काम. आज उघडते तर काय, रेझोल्यूशन पार तळाला! चिन्हं बटाट्याएवढी, चौकोन एकमेकांना चिकटलेले. काही न बोलता परत वर नेलं.

१४ नोव्हेंबर
पुन्हा खाली.

१६ नोव्हेंबर
मी वर, तो खाली. आणि टेबलाशी समोरासमोर कॉफी पितो, बर्फाबद्दल बोलतो! आमच्याकडे भांडण असंच — तोंडाने नाही. माझे आईवडीलही तसलेच. ती खिडकी उघडायची, ते लावायचे. जन्म गेला त्यात.

१९ नोव्हेंबर
घात झाला. घाईत रेझोल्यूशन न बघताच नक्षी दुरुस्त केली आणि पाठवून दिली. विणकामघरातून केर्त्तुचा फोन — "रायली, तुझ्या हंसाला दोन माना आहेत!" वीतभर विणलेलं उसवावं लागलं बायकांना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.
इल्पोला म्हटलं, "मुद्दाम करतोस ना?"
"तुझी मुंग्यांएवढी अक्षरं तुलाच लखलाभ!" बूट चढवले आणि निघाला पोरांना आणायला. शाळेची टॅक्सी आहे त्याची, तळ्याकाठच्या घरांतली पाच पोरं नेतो-आणतो.

२१ नोव्हेंबर
हेन्नाला फोन केला. लेक ओउलूत बसून खो खो हसली. "आई, रेझोल्यूशनला हातच लावू नका! पडद्याचं मूळ जे आहे तेच ठेवायचं, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. अक्षरांचं माप वेगळं वाढवता येतं. बाबांचं वेगळं खातं काढ, त्यात दीडशे टक्के कर."
इतकं सोपं! आणि आम्ही दोन म्हातारी इतके दिवस झगडतोय. खातं काढलं, त्याला दाखवलं. "हं," म्हणाला. इल्पोचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं भाषण. मिटलं बाई.

२५ नोव्हेंबर
चुकून त्याच्या खात्यात शिरले. दोनशे केलंय. असू दे.

२९ नोव्हेंबर
अडीचशे.

३ डिसेंबर
तीनशे! पडद्यावर जेमतेम चार ओळी. एक बातमी वाचायला बोट फिरवत बसायचं.
मी तशीच बसून राहिले. हा माणूस तीनशेने वाचतो आणि रोज सकाळी काळोखात पाच पोरं घेऊन तळ्याकाठच्या रस्त्याने जातो! त्यातली आवा तर पहिलीत आहे. त्या वळणांवर एल्क हरणं कधी आडवी येतील नेम नाही. राग होता तोवर बरं होतं.

४ डिसेंबर
बोलायला हवं. बोलले नाही.
का, ते मला माहीत आहे. त्याचं गाडी चालवणं सुटलं की हे घर सुटलं. इथे बस येत नाही, आणि मला गाडी येत नाही. लग्नानंतर एकदा शिकवायला बसला होता, मी शेजाऱ्यांचा दुधाचे कॅन ठेवायचा कट्टाच पाडला. "तू आपली शेजारी बस!" ती बसले ती बसलेच. मग गावात तिसऱ्या मजल्यावर खोली, समोर भिंत. म्हणून गप्प आहे मी! पाच पोरांपुढे मला माझं तळं प्यारं? लाज वाटते.

५ डिसेंबर
तो निघाला की दारात उभी राहते, मागचे लाल दिवे झाडीत जाईस्तोवर. परत आल्याचा आवाज येईपर्यंत एक चौकोन भरला जात नाही.

७ डिसेंबर, शनिवार
सावनात, वाफेच्या खोलीत बसलो. तिथे अंधारात एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून बोलता येतं. तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली. वाफेतच म्हटलं — "तीनशे."
त्याने दगडांवर आणखी पाणी टाकलं.
"साडेतीनशे," तो म्हणाला. "कालपासून."
"डोळ्यांचा डॉक्टर?"
"उन्हाळ्यात गेलो होतो. पुन्हा तपासायला या म्हणाला. गेलो नाही."
"आणि पोरं नेतोस! इल्पो, आवा अजून दात पडायच्या वयाची आहे!"
"रस्ता पाठ आहे मला."
"रस्ता पाठ आहे. हरणं पाठ आहेत का?"
"आणि मी गाडी सोडली तर ब्रेड कोण आणणार? तू?" बादली आदळली आणि तसाच उघडा बर्फात गेला. मी खूप रडले.

८ डिसेंबर
दिवसभर लाकडं फोडत होता. अंदाजाने. प्रत्येक घावाला माझा जीव वर-खाली.

९ डिसेंबर, सोमवार
जाग आली तर गाडी अंगणातच, टपावर बर्फ तसंच. तो फोनवर — "हो, आजपासूनच. दुसरा माणूस पाठवा."
लॅपटॉप मिटलेला, वर गाडीची किल्ली. उघडला. माझं खातं, माझी बारीक अक्षरं, त्यातलं एकही त्याला दिसत नाही! नाक टेकवून केलं असेल. समोर ड्रायव्हिंग स्कूलचं नावनोंदणीचं पान. शिकणाऱ्याच्या जागी माझं नाव, दोन अक्षरं चुकलेली.
दुरुस्त केली आणि पाठवून दिलं.