साकीनाक्याचा लाल ठिपका

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनतीनदा लिहिलं आणि पुसून टाकलं. तिथे निळे टिक दिसले की माणूस उत्तराची वाट बघत बसतो, आणि या पत्राचं उत्तर तू लगेच द्यावंस असं मला वाटत नाही. केयूर पुण्याला हॉस्टेलमध्ये रुळलाय, मेसच्या जेवणाला नावं ठेवत असतो म्हणजे मजेत आहे. ह्यांची बदली टळली. आणि तुझी बहीण पन्नाशीला टेकल्यावर एक नवीन विद्या शिकली आहे. आधी तेच सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच आलंय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजच्या भूगोल विभागाने मला अंधेरीला आठवडाभराच्या कार्यशाळेला पाठवलं होतं. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून झाडं, पाणी, जमिनीची उष्णता कशी मोजायची, ते शिकायला. पूर्वी एकेक चित्र आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला अख्खी दुपार जायची आणि मशीन मध्येच मान टाकायचं. आता ती चित्रं दूर कुठल्यातरी प्रचंड संगणकांत ठेवलेली असतात, त्याला क्लाउड म्हणतात. आपण ब्राउझर उघडायचा, चार ओळी लिहून प्रश्न पाठवायचा; मोजदाद तिकडेच होते आणि रंगीत नकाशा आपल्यासमोर येतो. पहिल्या दिवशी माझी एक ओळ चालेना. शेजारची पोरगेली प्राध्यापिका म्हणाली, 'मॅडम, कंस बंद करा ना.' दुसऱ्या दिवशी पहिला नकाशा उमटला तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. तुला फोन करून सांगावं असं वाटलं होतं.

पण त्या संध्याकाळी तुझाच फोन आला. 'वसू, मे महिनाभर बाबांना तुझ्याकडे ठेवशील का? पत्रा फार तापतो गं, त्यांना झोप नाही.' मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. केयूरची सीईटी आहे, घर लहान आहे, जूनमध्ये बघू. आणि वर शहाणपणा, की अख्ख्या मुंबईत उकाडा सारखाच, बोरिवलीला काय वेगळं असणार! तू 'बरं' म्हणालास. मग बाबांनी फोन घेतला. 'तुझ्याकडे डोंगराचो बरो थंडावो आसा गो,' एवढंच म्हणाले. मी हसले आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला गावचं काहीतरी आठवतंय. ते बोलत होते आमच्या गॅलरीसमोरच्या नॅशनल पार्कबद्दल, हे मला कळलं होतं.

मेमध्ये ते गेले. डॉक्टर म्हणाले वय होतं, तूही बाराव्याला सगळ्यांना तेच सांगत होतास, वय झालं होतं. माझ्याकडे बघून तर मुद्दाम दोनदा म्हणालास. मी ते मान्य करून टाकलं. फार सोयीचं होतं ते.

मग कॉलेज सुरू झालं आणि मी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना ही विद्या शिकवायला घेतली. पहिला धडा उष्णतेचा. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी भरलेली, काही दिसत नाही, म्हणून उन्हाळ्यातला स्वच्छ दिवस शोधायचा होता. गंधाली नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, दहिसरहून येते. तिने शोधून दिला. मे महिन्यातला दिवस, आकाशात ढगाचं नाव नाही. मी तारीख बघितली. बाबा मोरीपाशी कोसळले, त्याच्या आदल्याच दिवशीची.

मी म्हणू शकले असते की दुसरा दिवस घेऊ. तसं म्हटलं नाही. सगळ्यांनी आपापलं घर शोधून त्या जागी क्लिक करायचं होतं. आकडा जमिनीचा आणि छपरांचा असतो, हवेचा नाही, हे मी तीनतीनदा सांगत होते. एक ठिपका म्हणजे साधारण अख्खी गल्ली, तेव्हा आपलं घर दिसलं म्हणून उड्या मारू नका, हेही. मग गंधाली म्हणाली, 'मॅडम, तुमचं घर?' मी आमच्या इमारतीवर क्लिक केलं. हिरवट ठिपका, चौतीस अंश. कुणीतरी मागून ओरडलं, आता सगळ्यात गरम कुठलं ते बघू या. नकाशाभर लाल डाग होते, पण माझं बोट आपोआप साकीनाक्याला गेलं, तुझ्या गल्लीवर. सत्तेचाळीस. वर्गात कुणी शिट्टी वाजवली. मी खडू शोधायचं निमित्त करून पाठ वळवली.

दादा, खाली गाळ्यात लेथ मशीन आणि वर पत्र्याची खोली, लग्न होईपर्यंत मीही तिथेच झोपले. दुपारी पत्रा कडकड वाजायचा आणि आई गोणपाट ओलं करून वर टाकायची. मला हे कळायला उपग्रहाची गरज नव्हती.

पुढचं ऐकून तुला राग येईल. त्याच नकाशावर मी शोधनिबंध लिहिला. फेब्रुवारीत एका परिषदेत तो वाचला, टाळ्या पडल्या, सोपी पद्धत आहे, प्रत्येक कॉलेजने सुरू करावी, असं लोक म्हणाले. एका बाईंनी विचारलं, अभ्यासासाठी साकीनाकाच का निवडलात? मी म्हणाले, 'तिथे कारखाने आणि वस्ती एकत्र आहेत म्हणून.' माझा आवाज जराही हलला नाही. माझे वडील तिथे होते, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

आणि केयूर. त्या संध्याकाळी तुझा फोन ठेवल्यावर तो आतून आला आणि म्हणाला, 'आजोबांना आण ना, मी हॉलमध्ये झोपेन, अभ्यास लायब्ररीत करेन.' त्याची काही अडचण नव्हती. अडचण माझी होती. बाबांचं पथ्य, त्यांचं रात्रीचं उठणं, कार्यशाळेहून दमून आल्यावर पुन्हा कुणाचं तरी करणं. मला नको होतं. तू आणि वहिनीने ते वर्षानुवर्षं केलंत, आणि मला एक महिना जड झाला. तुझ्यापाशी मुलाचं नाव पुढे केलं. तेव्हापासून ही गोष्ट तो आणि मी टाळतो, तो पुण्याहून घरी आला तरी.

आता पत्र का, ते. उपग्रहाचा आकडा आणि माणसांच्या घरातला आकडा ताडून बघायला मागच्या आठवड्यात मी मुलींना थर्मामीटर देऊन साकीनाक्याला पाठवलं. स्वतः गेले नाही. गल्लीचं नाव दिलं, तुझं दिलं नाही. गंधाली परत आली आणि सांगायला लागली, एका गाळ्यावरच्या खोलीत एक काकू होत्या, भिंतीवर मिलच्या कपड्यांतल्या आजोबांचा हार घातलेला फोटो. काकूंनी मोजू दिलं, कोकम सरबत केलं, आणि पेले देतादेता डोळ्यांपुढे अंधारी येऊन जमिनीवरच बसल्या. 'रोजचंच आहे गं, दुपारी होतं असं,' म्हणाल्या. मग त्यांनी कॉलेजचं नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाल्या, 'भूगोलाच्या मॅडम कशा आहेत तुमच्या?' ही पोरगी म्हणाली, 'एकदम प्रेमळ!' वहिनी हसल्या म्हणे, आणि त्यांनी तिला अजून एक पेला भरून दिला. वहिनींनी तुला यातलं काही सांगितलं नसणार, चक्कर येते हेही नाही, मला माहीत आहे त्या. म्हणून मी सांगतेय. रविवारी सकाळी मी येते. आधी त्यांना डॉक्टरकडे नेऊ, आणि तिथून दोघंही पाऊस पडेपर्यंत माझ्याकडे चला. गाळा सोडवत नसेल तर तू रोज ये-जा कर, पण त्यांना दुपारी त्या खोलीत ठेवू नकोस. माझ्यावर रागाव, मला काय बोलायचं ते वाटेत बोल, मी ऐकेन. फक्त माझ्यावरच्या रागापायी त्यांना अडवू नकोस.

तुझीच,
वसू