ट्रान्सफॉर्मर ओरिजनल असल्याबाबत

चौसाळा, गुरुवार

तीर्थरूप संगमेश्वर दाजींच्या चरणी मन्मथप्पाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या फक्त कागदावर). शांताआक्काची शुगर आणि तुमचा डावा कान आटोक्यात असेल अशी आशा आहे. माझं बरं चाललंय, म्हणजे सौ.ला वाटतं तितकं वाईट नाही.

तुमचा पुण्याहून फोन आला, की आपल्या ऑर्केस्ट्राचं ते अमेरिकन गिटार-मशीन, म्हणजे गिटारीचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर, जे तुम्ही पुण्याला जाताना माझ्या दुकानामागच्या खोलीत ठेवून गेलात, ते घ्यायला रविवारी बेंगळुरूचं गिऱ्हाईक येतंय. त्याची एकच अट, आतले ट्रान्सफॉर्मर ओरिजनल हवेत. मी "पाच मिनिटांत बघून सांगतो" म्हणालो. आयुष्यात मी पाच मिनिटांत फक्त नुकसान केलेलं आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पहिली चूक म्हणजे दुकानात बसून मोठ्यानं बोललो, की ट्रान्सफॉर्मर तपासायचाय. आपल्याकडं ट्रान्सफॉर्मर म्हणजे शिवारातली खांबावरची डीपी, आणि डीपी म्हणजे जळालेली. दुपारपर्यंत चौघं सह्यांचा कागद घेऊन हजर. मी म्हटलं, बाबांनो, हा गिटारीचा आहे. त्यावर त्यांच्यातला शहादेव म्हणतो, "गिटारीला येगळी डीपी मंजूर झाली? अन् आमाला कावून न्हाई? आमी काय घोडं मारलंय?" अजूनही तो माझ्याशी नीट बोलत नाही.

दुसरी चूक मशीन उघडताना. व्हॉल्व्ह लाल होतात का हे पाहायला आधी प्लग लावला, मग काढला, आणि प्लग काढला की करंट गेला असं समजून आत हात घातला. (आतले कंडेन्सर करंट साठवून ठेवतात, हे मला तुरीच्या पोत्यावर पाठ टेकल्यानंतर कळलं.) सौ. दारातून म्हणाली, "करंट तर ओरिजनल हाय वाटतं."

तुमच्या गिऱ्हाइकानं खुणा सांगितल्या होत्या. वायरींवर कापडाचं वेष्टण हवं, जोडांचं झाळणं (सोल्डरिंग) कारखान्यातलंच हवं, आणि मुख्य म्हणजे लोखंडावर छापलेला आकडा, ज्यात साल आणि आठवडा असतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर रंगानं लिहिलं होतं ६७१२. सदुसष्ट साल, बारावा आठवडा. बाकीच्या खुणा बघायची गरजच वाटली नाही. मी लगेच दाखला लिहिला, त्यावर 'किराणा व भुसार' असा दुकानाचा शिक्का मारला आणि मोबाइलवर फोटो धाडला. उत्तरात तुम्ही जोडलेल्या हातांची अकरा चित्रं धाडलीत.

मग एक वायर सुटलेली दिसली म्हणून मशीन सुग्रीवच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात नेलं. त्यानं चष्मा वर करून आकडा वाचला आणि इतका हसला की शेजारचा चहावाला बघायला आला.

"आप्पा, ह्यो माझा नंबर हाय."

त्याच्या जुन्या लँडलाइनचे शेवटचे चार आकडे. भरलेलं वाइंडिंग पुन्हा जळालं तर गिऱ्हाइकानं दुसरीकडं जाऊ नये, म्हणून तो प्रत्येक कामावर लिहायचा. त्यानं उदाहरणं दाखवली. गिरणीची मोटार ६७१२, माझ्या विहिरीवरची ६७१२. माझ्या दाखल्याच्या हिशेबानं अर्धं चौसाळा सदुसष्टच्या मार्चमध्ये अमेरिकेत तयार झालेलं आहे.

"अन् जळालेला तुमीच आणलता की," सुग्रीव म्हणाला. तेव्हा मला आठवलं. अंबाजोगाईच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, तुम्ही गावात नसताना, एकशे दहा व्होल्टचं मशीन मी थेट भिंतीतल्या दोनशे तीसला लावलं होतं. दुपारी धूर, संध्याकाळी सुग्रीव. घाईत त्याच्याकडून वेढे जरा जास्त बसले, त्यामुळं आतला विजेचा दाब उतरला आणि आवाज मवाळ झाला. अंबाजोगाईला तुम्ही माईकवर सांगितलंत, की ही गोडी अमेरिकन लोखंडाची आहे. तेव्हापासून तुम्ही हेच सांगत आलात आणि मी मान डोलावत आलो.

तेव्हा गिऱ्हाइकाला खरं सांगा आणि माझा दाखला फाडून टाका.

आपला,
मन्मथप्पा

ता.क. धाकटा, आवाजाचा ट्रान्सफॉर्मर मात्र अस्सल आहे. सुग्रीव त्याला हात लावायला घाबरला होता.

ता.क. २. 'तेव्हा मला आठवलं' हे वर खोटं लिहिलंय. मी कधीच विसरलो नव्हतो, दाखला लिहितानासुद्धा. फोनवरच सांगू शकलो असतो.

ता.क. ३. खरं म्हणजे तुम्ही ते मशीन विकूच नये. अकरा वर्षं झाली, तुम्ही दोघं चौसाळ्याला आला नाहीत. मशीन इथं आहे तोवर कधीतरी न्यायला याल, असं मी धरून चाललो होतो. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवा आणि रविवारी तुम्हीच या, गिटार घेऊन. जेवायला माणसं किती, म्हणून सौ. विचारतेय. मी दोन जास्तीची सांगून ठेवलीत.